तिसऱ्या मजल्यावरचा ट्रे

२३ सप्टेंबर, मंगळवार

सासूबाई आल्या. दोन बॅगा, त्यातली एक निव्वळ पिठांची. दुसरीतून, चार साड्यांत गुंडाळलेली पितळी पाटी निघाली: 'निखिल व मेघना साठे'. दाराला लावायला. पाटी बघताच निखिल पाणी प्यायला उठला, त्यावरून मला कळलं की नि.ने अजून काहीच सांगितलेलं नाही. दोन वर्षांपूर्वी फोनवर "आई, डार्मश्टाटमध्ये घर घेतलं" म्हणाला होता, आणि पुण्यात पेढे वाटून झाले होते.

ईराने आजीला मिठी मारली आणि सगळी उत्तरं जर्मनमध्ये दिली. आजी सगळ्याला "हो का गं" म्हणाल्या. दोघी खूश.

आईंना आमची खोली दिली. आम्ही दोघं आणि ईरा हॉलमध्ये. पोटातलं धरलं तर चौघं.

२५ सप्टें., गुरु.

शेवटी मीच सांगितलं, फरसबी निवडता निवडता. आई, हे घर विकत घेतलेलं नाही. ही गेनॉसनशाफ्ट आहे, म्हणजे सहकारी सोसायटी. बिल्डिंग सगळ्या सभासदांची मिळून. आपण शेअर घेतलेत आणि दरमहा भाडं भरतो.

"मग भाड्याचंच की."

"तसं नाही. इथून आपल्याला कुणी काढू शकत नाही. मरेपर्यंत राहा."

"विकता येतं?"

"नाही."

"ईराच्या नावावर करता येतं?"

"नाही. सोडलं की शेअरचे पैसे परत, बाकी काही नाही."

आई बराच वेळ शेंगा मोडत राहिल्या. मग म्हणाल्या, "आमच्या कोथरूडच्या बोर्डावरही 'सहकारी' लिहिलंय. एवढ्या वर्षांत मला तरी सहकार कुठे दिसला नाही." त्यांच्या सोसायटीत रिडेव्हलपमेंटवरून दोन गट पडलेत. मागच्या जनरल बॉडीत माइकची ओढाओढ झाली म्हणे. आई 'घाई नको' गटात आहेत, म्हणजे अल्पमतात.

पाटी परत बॅगेत गेली. मला वाईट वाटलं. नि. ऑफिसातून आला तो मुद्दाम उशिरा, असं माझं मत.

२८ सप्टें., रवि.

केस्लरबाई प्लमचा केक घेऊन आल्या. निळ्या काठाच्या इनॅमलच्या ट्रेमध्ये, वर फडकं. तिसऱ्या मजल्यावरून एकेक पायरी उतरत. गुडघे पार गेलेत. ऐंशी उलटलेल्या, एकट्या, चार खोल्यांत. नवरा सुतार होता, तो गेला. मुलगा कॅनडात. लग्न होऊन या घरात आल्या त्या इथेच.

आता जे घरात कुणी मोठ्याने बोलत नाही ते लिहून ठेवते. आम्ही तळमजल्यावर, दोन खोल्यांत. मार्चमध्ये बाळ येणार. मोठ्या घरासाठी आमचा अर्ज आहे, पण बिल्डिंगमध्ये मोठी घरं दोनच. एकात तीन मुलांचं कुटुंब आहे, दुसरं केस्लरबाईंचं. त्यांना आमचं घर सोयीचं, जिना नाही. आम्हाला त्यांचं सोयीचं. लहान मुलालाही कळेल असं गणित. पण इथली रीत अशी की राहणाऱ्याला कुणी विचारायचं नाही. ज्याला जायचंय तो स्वतः बोलेल. बोलला नाही तर विषय संपला. आणि आमचा विषय संपला तर आम्ही डार्मश्टाटच्या बाहेर कुठेतरी, ट्रेनने ये-जा करत, पुन्हा कुठल्यातरी घरमालकाच्या मर्जीवर.

संध्याकाळी मी ट्रे धुऊन वर द्यायला निघाले तर आईंनी दारात अडवलं. "अगं, रिकामा?" आणि त्यात रव्याचे लाडू मांडायला घेतले. वर गेले. केस्लरबाईंनी लाडू हातात घेऊन दिव्याकडे धरून पाहिला.

४ ऑक्टो., शनि.

अंगणात गेनॉसनशाफ्टचा वाढदिवस. दरवर्षी असतो. लांब टेबलं, बटाट्याचं सॅलड, बिअर. ब्रांटचं भाषणही दरवर्षीचंच: कामावरून सुटल्यावर विटा वाहणारे मूळ सभासद, अंगणात लावलेला कोबी, युद्धात कोसळलेली डावी बाजू पुन्हा कशी बांधली. ब्रांट आमच्या बिल्डिंगचा प्रतिनिधी. टापटीप माणूस. सायकलींना स्टँड कुठे असावा यावर तासभर बोलू शकतो.

भाषण चालू असताना आई अक्रोडाच्या झाडाखाली केस्लरबाईंशेजारी जाऊन बसल्या. खाली पडलेले अक्रोड दोघी फोडत होत्या. एक मराठीत बोलत होती, एक जर्मनमध्ये. मी भाषांतर करायला गेले तर आई म्हणाल्या, "तू बस गं तिकडे. आमचं चाललंय."

परत येताना सांगितलं: "त्यांचा नवरा फार कमी बोलायचा. आपल्या बाबांसारखा." हे यांना कसं कळलं?

९ ऑक्टो., गुरु.

ट्रे खाली आला: सफरचंदाची पोळी, म्हणजे श्ट्रूडेल. वर गेला: थालीपीठ. खाली आला: आमच्या अंगणातलेच अक्रोड, सोललेले. वर गेला: अक्रोडाच्या वड्या. ईरा हमाल. तिला जिन्यात काम मिळालंय, ऐटीत असते.

मला हसू येतंय. केस्लरबाईंना वाटत असेल की आपण दिलं, यांनी परत दिलं, म्हणजे आता पुन्हा आपली पाळी. आईंना तर वाटतंच. दोघींपैकी कुणीही थांबणाऱ्यातली नाही.

१२ ऑक्टो., रवि.

नि.शी भांडण. तो कायझर्सलाउटर्नच्या मित्राशी बोलला, तिकडे घरं मिळतात म्हणे. मी म्हटलं, मग नोकरी पण तिकडेच मिळते का? तो म्हणाला, "आल्झो, म्हणजे बघ, केस्लरबाईंना एकदा सरळ विचारू या ना. मोठी माणसं आपण." मी म्हटलं, नाही. तो म्हणाला, तुला विचारायला भीती वाटते. मी म्हटलं, हो, वाटते.

खरंच वाटते. बाळंतपणाला माझी आई येणार, तिला कुठे झोपवायचं ते माहीत नाही. रोज वर बघते, त्या चार खोल्यांचे दिवे मोजते. एकाच खोलीत दिवा असतो. असा विचार आला की स्वतःचाच राग येतो, आणि तरी दुसऱ्या दिवशी पुन्हा वर बघते.

आई भांडण ऐकत होत्या. कणीक मळताना जरा जास्तच जोर लावला.

२० ऑक्टो., सोम.

दिवाळी. ट्रेमध्ये चकली, चिवडा, करंज्या. केस्लरबाईंनी चकली बिअरबरोबर खाल्ली आणि म्हणाल्या की इतकी वर्षं बिअरबरोबर चुकीचं खाणं चाललं होतं. आज त्या स्वतः खाली आल्या, आमच्या हॉलमध्ये पणत्या बघत बसल्या. ईराला विचारलं, तू झोपतेस कुठे? ईराने सोफा दाखवला. "आणि बाळ?" ईराने तोच सोफा दाखवला.

मी किचनमध्ये होते.  चहात साखर दोनदा पडली.

५ नोव्हें., बुध.

हाउसमीटिंग, तळघरातल्या खोलीत. आईंना यायचंच होतं. "मी जन्मभर मीटिंगा पाहिल्यात, भाषा लागत नाही." पाठीमागे बसून विणत होत्या. पाचव्या मिनिटाला माझ्या कानात: "तो ब्रांट सेक्रेटरी ना? आमच्याकडे गोगटे आहेत, डिट्टो."

गच्ची, छपराची दुरुस्ती, सायकली. शेवटी ब्रांट म्हणाला, एक नाजूक मुद्दा. साठे कुटुंब सगळ्यांना आवडतं. पण ज्यांचा मोठ्या घरासाठी अर्ज आहे त्यांनी एकट्या राहणाऱ्या वयस्कर सभासदाकडे रोज खाण्याचे ट्रे पाठवावेत, याने एक चित्र उभं राहतं. तो म्हणाला "चित्र". आवाज चढवला नाही. केस्लरबाई गुडघ्यामुळे आल्या नव्हत्या.  निखिल "गेनाऊ, बरोबर आहे, पण" म्हणाला आणि 'पण'च्या पुढे काही नाही.

लाच. लाडवांची लाच.  उभी राहून म्हटलं, यापुढे ट्रे जाणार नाही, चित्रही राहणार नाही.

जिन्यात आईंनी विचारलं, काय झालं. मी म्हटलं, छपराचं.

६ नोव्हें., गुरु.

ट्रे आमच्याकडे होता (कालच खाली आला होता, आल्याची बिस्किटं). बिस्किटं डब्यात काढली. ट्रे घासला, पुसला, वर गेले आणि दिला. रिकामा.

केस्लरबाईंनी ट्रे घेतला. आत पाहिलं. फडकं उचलून पुन्हा पाहिलं. मग म्हणाल्या, "सासूबाई आजारी आहेत का?"

मी म्हटलं, नाही, ठीक आहेत.

"असं," म्हणाल्या, आणि दार हळू लावलं.

८ नोव्हें., शनि.

आईंना ईराकडून कळलं. माझ्याशी दोन दिवस नुसतं "चहा?" आणि "झाला." एवढंच. आज बोलल्या.

"कुणी काही म्हणालं म्हणून तू भांडं रिकामं परत केलंस?"

"आई, ते आपल्याला लाच देणारे म्हणाले."

"म्हणू देत की. गोगटे मला दुसऱ्या बिल्डरची माणूस म्हणाले होते. म्हणून मी त्यांच्याकडे तिळगूळ पाठवायची थांबले का?" मग जरा थांबून, "त्या बाईला वाटलं असेल, घर मिळेपर्यंत देत होते, मिळत नाही दिसल्यावर थांबले."

हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. खरंच नाही. ब्रांटचं तोंड बंद करायच्या नादात मी त्याचंच खरं करून दाखवलं. बाथरूममध्ये जाऊन रडले.

१६ नोव्हें., रवि.

तिसऱ्या मजल्यावरून काही नाही. जिन्यात भेटल्या, "गुटन मोर्गन" म्हणाल्या, तितकंच. ईराच्या गालाला हात लावला, माझ्या नाही.

सकाळी कचऱ्याच्या डब्यांपाशी ब्रांट. मी तोंड फिरवणार होते, त्यानेच थांबवलं. म्हणाला, मला तुमच्यावर आरोप करायचा नव्हता. मी म्हटलं, पण केलात.

मग त्याने सांगितलं, पिवळी पिशवी हातात धरून. त्याचे वडील याच बिल्डिंगमध्ये राहायचे, अंगणाकडच्या मोठ्या घरात. आई गेल्यावर एकटे. शेजारी सगळे फार चांगले. रविवारी केक आणायचे, विचारपूस करायचे, आणि मधूनच, किती मोठं घर एकट्याला, नाही का? वडिलांना नाही म्हणता आलं नाही. रस्त्याकडच्या छोट्या घरात गेले. त्यानंतर रोज सकाळी अंगणात येऊन आपल्या जुन्या खिडकीखाली उभे राहायचे. "तक्रार एकदाही केली नाही. ती केली असती तर बरं झालं असतं." तेव्हापासून या बिल्डिंगमध्ये कुणी कुणाला विचारत नाही, आणि केक बघितला की मला भीती वाटते, असं ब्रांट म्हणाले.

माझा राग कुठे गेला कळलं नाही. मी म्हटलं, आमच्याकडे शेजाऱ्याचं भांडं रिकामं परत करत नाहीत.

"मग हे संपतं कधी?"

"संपत नाही."

त्यांनी पिशवी डब्यात टाकली. "आणि हे कुठे लिहिलेलं आहे?"

"कुठेच नाही. तुमचा न विचारायचा नियम कुठे लिहिलाय?"

पहिल्यांदाच हसताना पाहिलं ब्रांटना.

३० नोव्हें., रवि.

पहिला ॲडव्हेंट, म्हणजे नाताळाआधीच्या चार रविवारांतला पहिला. आईंनी सकाळी गाजराचा हलवा केला. स्वतःच्या स्टीलच्या डब्यात भरला, झाकणावर नाव कोरलेला, लग्नातला डबा. पुण्याहून आणलेला. साडी बदलली आणि म्हणाल्या, मी वर जाऊन येते.

"आई, मी येते. भाषा..."

"तू नको. तू तीन आठवडे त्या बाईशी धड बोलली नाहीस. आणि ईरा पण नको, ती सगळं खरं सांगते."

यांचे गुडघे काही केस्लरबाईंपेक्षा बरे नाहीत. जिन्यात प्रत्येक मजल्यावर थांबलेल्या ऐकू येत होत्या. मी दारात उभी. बऱ्याच वेळाने खाली आल्या. हात रिकामे.

"काय झालं? काय म्हणाल्या?"

"मला काय कळतंय त्यांचं? हलवा खाल्ला. मग रडल्या. मग मी रडले. कपाट दाखवलं मला, नवऱ्याने केलेलं, फार सुरेख. त्याला हात लावून काहीतरी सांगत होत्या." पदराने घाम पुसला. "डबा ठेवून आले. आता आपलं भांडं त्यांच्याकडे आहे."

ट्रे रिकामा देऊन मी जे तोडलं ते यांनी पुन्हा सुरू केलं. मी नमस्कार केला. त्या म्हणाल्या, वाकू नकोस अशा अवस्थेत.

१४ डिसें., रवि.

आई पुण्याला परत गेल्या. डबा काही आला नाही अजून. दोन आठवडे झाले. एअरपोर्टवर नि.ला मिठी मारली आणि पाटी त्याच्या हातात दिली. "लावा दाराला. विकता येत नाही तर नाही. राहतं कोण, ते तरी कळू दे." नि. गाडीत बसून नाक शिंकरत होता, मला म्हणाला सर्दी आहे.

मला सांगून गेल्या: "डबा आला की कळव. घर मिळालं की नाही ते नंतर सांगितलंस तरी चालेल."

आमची खोली परत मिळाली. घर एकदम मोठं वाटलं, आणि ते मुळीच आवडलं नाही. मला त्यांची इतकी सवय होईल असं सप्टेंबरात कुणी म्हटलं असतं तर मी त्यालाच वेड्यात काढलं असतं.

२० डिसें., शनि.

बेल. केस्लरबाई. एका हातात ट्रे, ट्रेमध्ये आईंचा डबा, डब्यात नाताळची बिस्किटं गच्च. दुसऱ्या हातात लाकडी घडीची मोजपट्टी, सुताराची असते ती.

म्हणाल्या, उशीर झाला, बिस्किटं नाताळ जवळ आल्याशिवाय करत नाही. मग म्हणाल्या, आत येऊ का.

बेडरूममध्ये गेल्या. ईराला पट्टीचं टोक धरायला सांगितलं. खिडकीपासून दारापर्यंत भिंत मोजली. पुन्हा मोजली. नि. दारात उभा. मी त्याच्या पायावर पाय दिला, बोलू नये म्हणून.

"माझं कपाट चार बोटं मोठं आहे," केस्लरबाई म्हणाल्या.

त्यांनी भिंतीवरून हात फिरवला, नंतर खिडकीतून बाहेर पाहिलं. इथून अक्रोडाचं नुसतं खोड दिसतं. वरून अख्खं झाड दिसतं.

"कपाट कापायचं नाही," त्या म्हणाल्या. "नवऱ्याने ते वरच्या भिंतीसाठी केलं होतं." मग पट्टी मिटून माझ्याकडे बघून, "मी काही कबूल केलेलं नाही. मी फक्त मोजलं."

मी म्हटलं, हो. मी विचारलंच नाही.

"माहीत आहे," म्हणाल्या. "तुम्ही विचारलं नाहीत, आणि एकदा तर पाठवणंही थांबवलंत." मी म्हटलं, ते माझं चुकलं. त्या म्हणाल्या, का थांबवलंत ते ब्रांटने सांगितलं मला. आणि माझ्या गालाला हात लावला, ईराच्या गालाला लावतात तसा.

डबा ठेवून गेल्या. ट्रेही ठेवून गेल्या.

२१ डिसें., रवि.

आईंना व्हिडिओवर सगळं सांगितलं. कपाटाचं ऐकून म्हणाल्या, "खूप सुरेख आहे गं ते. कापायचं कसं?" मग लगेच, "ट्रेमध्ये काय घालणार आहेस?"

नि.चं म्हणणं, सुताराला बोलावू, खिडकीची चौकट थोडी सरकवता येईल का बघू, ब्रांटना विचारू. मी म्हटलं, केस्लरबाई बोलेपर्यंत यातला एक शब्द काढायचा नाही. तो म्हणाला, आणि मार्चमध्ये? मी म्हटलं, मार्चमध्ये बाळ येईल, सोफ्यावर झोपेल.  मला ते घर हवंय. झाडासकट हवंय. हे इथे लिहून ठेवते, दुसरीकडे कुठे बोलायचं नाही.

रवा मीच भाजला. आई फोनमधून, "अजून, अजून, आता बंद कर." पाक जरा पुढे गेला. लाडू वळताना फुटत होते, ईराने आणि मी दाबून दाबून बसवले. दिसायला वेडेवाकडे आहेत. ट्रेमध्ये मांडले, वर त्यांचंच फडकं.

नि. पाटी लावतोय, ड्रिलचा आवाज सगळ्या जिन्यात घुमतोय. इथे रविवारी ड्रिल चालवायची परवानगी नसते हे त्याला माहीत आहे. वरून ब्रांट काहीतरी ओरडले. तेवढं झालं की मी वर जाणार. कपाटाचं नाव काढणार नाही.